भावोजींची पायपरीक्षा

माझ्या ताईचे यजमान माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी पायांकडे बघतात, आणि तिथेच त्यांचं बघून संपतं. चेहरा हवा तसा करता येतो, पायातलं मात्र खरं बोलतं, असं ते वर्षानुवर्षं ज्याला त्याला ऐकवत आलेत. मी त्यांना भावोजी म्हणते. नातं आहे, म्हणावं लागतं.

औषधाच्या गोळ्या पाकिटात भरणाऱ्या एका कारखान्यात ते नोकरभरतीचे साहेब आहेत. म्हणजे कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातूनच वाटेला लावायचं, हे हा गृहस्थ ठरवतो. मुलाखतीच्या टेबलाला पुढून फळी होती, ती त्यांनी सुताराला बोलावून काढून टाकली, समोरच्याचे पाय दिसावेत म्हणून. टाच एका बाजूने झिजलेली असली की माणूस कामचुकार. बूट कोरे करकरीत असले की थापाड्या. नाडीला दोन गाठी असल्या की भित्रा. साधी चप्पल घालून आलेल्याला तर ते खुर्चीत धड टेकूही देत नाहीत. एकदा कारखान्यासमोरचा रस्ता नळ टाकायला खणला होता. कारखान्यानेच खणला होता. त्या दिवशी आलेले सगळे उमेदवार चिखलाच्या पायांनी आले, आणि भावोजींनी सगळ्यांना घरी पाठवलं. घेतला एकच, जो रिक्षातून थेट पायरीवर उतरला होता. पुढे तो गोदामात खोक्यांवर तंगड्या पसरून झोपायचा. बूट मात्र झोपेतही चकचकीत असायचे.

कारखान्यात त्यांना पायाळू म्हणतात, जन्माला येतानाही आधी पायच बाहेर आले असणार म्हणून. अर्थात त्यांच्या माघारी.

आता यातली गंमत ऐका. गोळ्या भरतात त्या हॉलमध्ये बाहेरचं पायताण चालत नाही. दाराशी एक लांब बाक आहे. त्यावर बसायचं, आपला जोड बाकाखाली सरकवायचा, आणि कारखान्याच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सपाता घालून आत जायचं. वाटेत एकही जोड दिसता कामा नये, हा नियम भावोजींचाच. त्यासाठी त्यांनी कितीजणांना फैलावर घेतलंय. पण आत गेलं की सगळ्यांच्या पायात तेच, डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क. भावोजींची विद्या तिथे संपते. रोज ज्याच्याशी बोलतात तो माणूस बाहेर चहाच्या टपरीवर भेटला तर त्यांना ओळखू येत नाही.

त्या हॉलमधली यंत्रं दुरुस्त करणारा मेकॅनिक माझ्या भाचीला आवडला. भावोजी रजेवर असताना तो नोकरीला लागला, आणि माझ्या मते म्हणूनच लागला. भाची आधी माझ्याकडे आली.

"मावशी, बाबांनी नाही म्हटलं तरी मी त्याच्याशीच लग्न करणार आहे. पण मग बाबा आईला माझ्याकडे पाठवणार नाहीत. आणि आई त्यांचा शब्द मोडून येणार नाही."

"ताईला हे बोललीस?"

"बोलले. ती म्हणाली, तू सुखात राहा, माझं काय. मला तेच नकोय गं."

मला भावोजींचा राग नेहमीच येतो, पण त्या दिवशी तो तळपायापासून आला. एका माणसाच्या खुळापायी आई-मुलीची ताटातूट व्हायची, आणि ते खूळ तरी काय, तर बूट.

शेवटी त्या मुलाला आणि त्याच्या आईला घरी बोलावलं. मीही गेले. ताईची सकाळपासून धावपळ चालली होती. ऐन वेळी बिस्किटं नाहीत म्हणून ती खाली दुकानात जाऊन धापा टाकत आली आणि तशीच स्वयंपाकघरात शिरली. भावोजी मात्र आतल्या खोलीत भांग पाडत होते. पाहुण्यांनी वाट बघावी, त्याने वजन राहतं, असा त्यांचा समज आहे. त्या नादात यांची फसगत झाली. ते बाहेर येईपर्यंत पाहुणे दाराबाहेर पायताणं काढून आत बसले होते. मुलाच्या पायात नुसते मोजे. भावोजींचा चेहरा असा झाला, जसा चष्मा हरवलेल्या माणसाचा होतो.

मुलगा बोलत होता, त्याची आई बोलत होती. ती शिवणकाम करते, तिने एकटीने मुलाला वाढवलंय. भावोजी हूं हूं करत होते. मग उठले.

"जरा नळाला पाणी आलं का बघून येतो," असं म्हणून बाहेर गेले. ताईच्या नळाचं पाणी दाराबाहेर कधीपासून यायला लागलं कोण जाणे.

परत आले ते छाती काढून. बसलेसुद्धा नाहीत.

"मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बाहेर तुमच्या आईंच्या चपला आहेत आणि त्यांच्या शेजारी तुमच्या त्या सँडल. मी भल्याभल्यांना पायांवरून ओळखलंय."

मुलगा काहीतरी सांगायला गेला. यांनी हात वर करून त्याला गप्प केलं.

"पट्टा दोन ठिकाणी शिवलाय, तोही घरी, जाड दोऱ्याने. टाच झिजून आरपार गेलीय. एका पायावर जोर जास्त, म्हणजे दुसरा पाय दुखतो, पण सांगायचं कोणाला? घरात कोणी विचारणारंच नाही. आता मला सांगा, ज्या घरात माणसाच्या पायात धड पायताण येत नाही, त्या घरातला कर्ता माणूस कसा असेल? कंगाल, नाहीतर नालायक. तसल्या घरात मी माझी मुलगी देणार नाही."

ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला, कप सरळ केले.

"अहो, त्या माझ्या आहेत," ती म्हणाली.

तिने पाहुण्यांपुढे चहाचे कप सरकवले.

"माझी टाच दुखते, म्हणून पुरुषांच्या घेतल्या. रुंद असतात."

"त्याचे बूट जिन्यातल्या बाकाखाली आहेत, बाबा," भाची म्हणाली.

"सवय झालीय, सर," मुलगा खाली बघत म्हणाला. "वाटेत ठेवायचं नाही ना."

मी खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. उकळ्या फुटल्या अगदी. इतक्या वर्षांत भावोजींची परीक्षा पहिल्यांदाच तंतोतंत खरी ठरली होती. शब्द न् शब्द बरोबर होता.

"मग मला कधी बोलली का नाहीस?" भावोजी ताईवरच डाफरले. चूक कोणाचीही असो, डाफरायला त्यांना ताईच लागते.

"रोज दारातच असतात," ताई म्हणाली. मग त्यांच्याकडे पाठ करून ती मुलाच्या आईजवळ बसली. "आमच्याकडून होकार समजा. आमचं घर कसं आहे ते तुम्ही आत्ता ऐकलंतच. मुलीकडे मी येत-जात राहीन, कोणाला विचारत बसणार नाही. चालेल ना तुम्हाला?"

त्या बाईंनी ताईचा हात धरला. भाची रडायला लागली. आणि भावोजी काय करत होते? ते जिन्यात वाकून बाकाखाली बघत होते. लग्न ठरलं तरी त्यांना बूट बघायचेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मला फोन आला. मागे दुकानातला गलबला ऐकू येत होता.

"तुझ्या बहिणीच्या पायाचा नंबर काय गं?"

मी म्हटलं, "मला का विचारता? संसार तुम्ही केलात ना तिच्याबरोबर?"

"इथे चार जोड काढून ठेवलेत. विक्रेता खोळंबलाय."

"मग घरी जा आणि तिचा पाय बघा, भावोजी. सँडल नव्हे, पाय."

ते विक्रेत्याला थांब म्हणाले, आणि मग मला, आवाज उतरवून, "आता दाखवेल का ती?"

मी उत्तर न देता फोन ठेवला. त्याची मला जराही खंत नाही.