वाटाण्याच्या सूपाबरोबर काळी बिअर

निघायच्या दिवशी सावंतवाडीला आमच्या अंगणात सुमो उभी होती आणि ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. बाबा शाळेत हजेरी घ्यायचे तशी माझ्या कागदांची तिसऱ्यांदा हजेरी घेत होते: पासपोर्ट, तिकीट, युनिव्हर्सिटीचं पत्र, लसींचं सर्टिफिकेट. आईने हातावर दही घातलं, मी ते चाटलं, आणि मग तिने मला दंडाला धरून आत देवापुढे नेलं.

"तिकडे मिळेल ते खा गो बाय," ती म्हणाली. "पण दारूच्या थेंबाला शिवलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"आई, काहीतरीच काय बोलतेस!"

"हो म्हण आधी."

मी हो म्हटलं. बाहेर हॉर्न वाजतच होता. तेवीस वर्षांची होते, मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी., विमानात खिडकीची सीट मिळेल की नाही याची काळजी होती. हो म्हणायला काय जातं?

आईचं हे उगाच नव्हतं. माझे धाकटे काका दारूने गेले. शेवटची दोन वर्षं ते आमच्याच पडवीत होते. आई त्यांना पेज भरवायची, त्यांचं सगळं काढायची, आणि आमच्या घरात त्या विषयावर कुणी विनोदसुद्धा करायचं नाही. म्हणून ती शपथ मी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला नेली आणि चक्क चार वर्षं पाळली. डिपार्टमेंटच्या पार्टीत हातात संत्र्याचा ज्यूस घेऊन उभी राहायचे. आणि आमची लॅब तर यीस्टवर काम करणारी! दिवसभर यीस्ट वाढवायचं, मोजायचं, मारायचं, आणि संध्याकाळी त्याने बनवलेली एक गोष्ट सोडून बाकी सगळं प्यायचं. माझी लॅबमेट वैशाली नागपूरची. ती म्हणायची, "तू म्हणजे यार, हलवायाच्या घरची डायबेटिक आहेस."

आईला मी माझं काम फोनवर समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे आंबोळीच्या पिठात असतं ते? मग त्याच्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलीस? इथे रोज रात्री भिजत घालते मी." मी खूप हसले होते. पुढे माझ्या पहिल्या पेपरची कॉपी तिने हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दाखवली, असं बाबांनी सांगितलं. उलटी धरून दाखवली, हेही सांगितलं.

फोनची आमची पद्धत ठरलेली होती. दर रविवारी सकाळी मी अंघोळ करून, दिवा लावून, कॉलिंग कार्डावरून घरी फोन करायचा. मधेच काही लागलं तर घरून दोन रिंग द्यायच्या आणि ठेवायचा, मग मी उलटा करायचा. घरचा नंबर माझ्या मोबाईलवर कधी दिसला नाही. 'अननोन' एवढंच यायचं. मला फोन करणारं दुसरं कुणी अननोन नव्हतं, म्हणून ते नाव बघितलं की मला बरं वाटायचं.

२००६ च्या मे महिन्यात आमच्या प्रोफेसरांनी लॅबची सहल हॉलंडला काढली. मिशिगनमधलं हॉलंड, तळ्याकाठचं. दीडशे वर्षांपूर्वी डच लोक घरदार सोडून तिथे आले, त्यांनी गाव वसवलं, आणि अजून पवनचक्की, लाकडी बूट, ट्यूलिप सगळं जपून ठेवलंय. ट्यूलिप बहुतेक झडून गेले होते. रस्त्याच्या कडेला नुसते देठ उभे होते. आम्ही गेलो होतो एका छोट्या ब्रूअरीत, बिअर चाखायला आणि कुठल्या बिअरबरोबर काय खावं ते शिकायला. आमच्यासारख्यांसाठी तो अभ्यासच, असं प्रोफेसर म्हणाले.

ब्रूअरीचा मालक पीट साठीचा, गुबगुबीत, लाल गालांचा. पणजोबा बोटीने आले होते म्हणे. डच बोलता येतं का विचारलं तर म्हणाला, जेवणाआधीची प्रार्थना येते आणि दोन शिव्या. मी हसले, पण मनात हिशेब सुरू झालाच की माझ्या पणतूला मालवणीतलं काय येईल. शिव्याच येतील.

लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आले. पीट अगदी गंभीरपणे सांगायला लागला: ही गव्हाची हलकी, हिच्याबरोबर मऊ चीज. ही तांबूस, हिच्याबरोबर मोहरी लावलेलं सॉसेज. ही कडवट, हिला दोन वर्षं मुरलेलं गौडा चीज. आणि ही काळी, हिच्याबरोबर आमच्या आजीचं वाटाण्याचं सूप, चमचा उभा राहील इतकं घट्ट. "चुकीची जोडी लावलीत तर दोघांचाही अपमान होतो," असं काहीसं तो म्हणाला, आणि मला एकदम आईच दिसली. आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारंच. शिरवाळ्यांबरोबर, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबर, नारळाचा रस, गूळ घातलेला, साखर नाही. एकदा मी आंबोळीला सॉस लावला तर तिने ताटच उचललं होतं. हा माणूस त्याच गोष्टीचं तिकीट लावतोय आणि ती फुकट ओरडत होती.

"एक घोट घे," वैशाली म्हणाली. "कोण बघतंय इथे? आणि तुझा थीसिस आहे त्यात."

वैशालीला दोष देणार नाही. मला स्वतःलाच घ्यायची होती. सत्तावीस वर्षांची झाले होते, शपथ, मेलेलं तोंड, हे सगळं मला त्या दुपारी सावंतवाडीत ठेवून आलेल्या जुन्या कपड्यांसारखं वाटलं. मी सूपाचा चमचा घेतला आणि वर काळी बिअर घेतली. खरं सांगते, फार छान लागली. भाजलेल्या धान्याचा वास, किंचित कडवट, आणि वाटाण्याची चव तिच्यामुळे अशी उघडली की मी पीटकडे बघून मान डोलावली. तो खूश झाला. मी ग्लास संपवला.

तेव्हा फोन वाजला. दीड वाजला होता. दोन रिंग आणि बंद. अननोन.

मी घाबरले ती आईसाठी नाही, स्वतःसाठी. भारतात रात्रीचे अकरा वाजले होते, आमच्या घरी नऊला दिवे बंद होतात, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात एकच आलं, की या तोंडाने आईशी कसं बोलू? तिला कळेल. फोनमधून वास जात नाही हे मला माहीत होतं, मी सायंटिस्ट होते ना! पण काकांच्या वेळी ती पडवीतून आलेल्या एका शब्दावरून ओळखायची, किती झालीय ते. माझ्याही आवाजावरून ओळखलं असतं.

पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. या वेळी दोन रिंगवर थांबला नाही, वाजत राहिला. मी फोन पर्समध्ये घातला, पर्स बाकाखाली सरकवली आणि वैशालीला म्हटलं, "उद्या करते. अंघोळ करून करते."

रविवारी सकाळी नऊला मी केस धुतले, दिवा लावला, कार्डावरचे आकडे दाबले. फोन शेजारच्या पेडणेकर काकूंनी उचलला. त्यांनी "बाबांना देते हं" म्हटलं त्या आवाजातच मला कळलं.

आई पहाटे पाचला गेली होती. हार्ट. दुपारी सगळं उरकलंसुद्धा होतं. आदल्या रात्री तिला अस्वस्थ वाटत होतं, ॲसिडिटी म्हणून ओवा खाल्ला आणि बाबांना म्हणाली, पोरीला फोन लावा जरा. बाबांनी दोन रिंग दिल्या. उलटा फोन आला नाही तेव्हा परत लावला. मग आई म्हणाली, "राहू दे. लॅबमध्ये असेल. कामात असली की तिला भान नसतं." आणि झोपली.

"मग मला सकाळी लगेच का नाही कळवलं?" मी ओरडले.

"तिकडे रात्र व्हायला आली होती," बाबा म्हणाले. "एकटी काय केलं असतंस रात्रभर? तुझं उजाडू दिलं."

माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणाली होती. तेही बघायला मिळालं नाही. व्हिसाचा स्टँप संपला होता, गेले असते तर परत यायला किती महिने लागले असते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि बाबाच म्हणाले, आता येऊन काय करणार, तिला तुझं शिक्षण पूर्ण व्हायला हवं होतं. मी थीसिस लिहिला. शपथेने कुणी मरत नाही हे मला पक्कं माहीत आहे. आर्टरी ब्लॉक होते आणि माणूस मरतं. पण तिला माझा आवाज ऐकायचा होता आणि मी पर्स बाकाखाली सरकवली, याला कुठला आजार म्हणतात?

पीएच.डी. झाली, तिकडेच मॉरिसव्हिलला एन्झाइम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, नवा स्टँप घ्यायला म्हणून या जानेवारीत घरी गेले. आई गेल्यावर वीस महिन्यांनी. घर बाबांनी नीटनेटकं ठेवलं होतं. आंबोळीचं पीठ तेच भिजत घालतात आता, आणि बऱ्यापैकी जमतं त्यांना. आलेल्या-गेलेल्याला ते एकच गोष्ट सांगत होते: "शेवटपर्यंत हिची आठवण काढत होती. पण ही लॅबमध्ये होती ना, कामात." प्रत्येकाला सांगत होते, आणि माझ्याकडे बघायचे ते कौतुकाने. चौथ्या दिवशी मला ते सहन होईना. संध्याकाळी चहा घेताना मी सगळं सांगून टाकलं. हॉलंड, सूप, काळी बिअर, पर्स, सगळं.

मला वाटलं होतं ओरडतील. किंवा डोक्यावर हात ठेवतील, म्हणतील, जाऊ दे. दोन्हीची तयारी करून बसले होते मी. बाबांनी कप खाली ठेवला.

"ती समाधानाने झोपली होती," ते म्हणाले. "मीही त्यावरच दिवस काढत होतो. हे सांगून तुला मोकळं वाटलं असेल. माझं मात्र काढून घेतलंस."

मग उठून ते पिठाचं बघायला आत गेले. पुढचे दहा दिवस आम्ही नीट बोललो, जेवलो, बँकेत जाऊन आलो. पाहुण्यांना ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही.

इकडे आलेल्यांना मी एवढंच सांगेन की पोटात ठेवलेलं काही बोलून टाकण्याआधी नीट विचार करा, आपल्याला हलकं व्हायचंय म्हणून तिकडच्यांच्या डोक्यावर ते ठेवू नका. आणि तिकडे राहिलेल्यांना काय सांगू? तुम्ही आम्हाला न विचारता खरं मानत होतात. आम्ही काय खातो, कुठे असतो, कुणाबरोबर असतो, याचा पुरावा त्या घराने कधी मागितला नाही. माझ्यासाठी घर म्हणजे ते न मागणं होतं. सावंतवाडीतली कौलं, अंगण नंतर.

आता दर रविवारी मी फोन करते. हवा, गुडघे, पेडणेकर काकूंची सून, सगळं बोलून होतं. पण मधल्या वारी कधी मी सहज फोन केला, की बाबा आधी विचारतात, "कुठे आहेस गो आत्ता?"

"लॅबमध्ये," मी सांगते. खरंच लॅबमध्ये असते मी. पूर्वी त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.