हळू बोला, अप्पा

पाचवीत आम्हाला कन्नड शिकवणाऱ्या टीचर घरी तमिळ बोलतात, हे किती तरी महिने मला ठाऊकच नव्हतं. मल्लेश्वरममधली आमची शाळा कन्नड माध्यमाची. आमच्या घरी मराठी, तीही अशी की पुण्याचे पाहुणे ऐकून गालात हसायचे. वर्गात आमच्या मांजरीबद्दल सांगताना मी कन्नड वाक्यात मधेच 'मांजर' म्हणाले आणि सगळा वर्ग खिदळला.

"हसायचं ते नंतर," टीचर म्हणाल्या. "आधी ती काय सांगतेय ते पुरं ऐका." मग माझ्याकडे वळून, "आणि तू मोठ्याने बोल. चुकायचं तर मोठ्याने चूक."

त्या दिवसापासून मला शाळा आवडायला लागली.

त्याच वर्षी डिसेंबरात कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलं. तमिळ लोकांची घरं, दुकानं जाळताहेत अशा बातम्या यायला लागल्या. शाळा बंद झाली. टीचर आमच्या मागच्याच गल्लीत म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहायच्या. दुपारी लांबवर धूर दिसला, तशी आईने चपला घातल्या.

"त्या दोघांना इकडे घेऊन येते."

"अगं, आपण तरी कुठे कन्नड?" अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. "उद्या आपल्या दारात आले तर?"

"आले तर बघू," म्हणत आई गेलीसुद्धा.

टीचरचे वडील ऐकायला कमी यायचं म्हणून फार मोठ्याने बोलायचे, आणि तमिळशिवाय त्यांना काही येत नव्हतं. आमच्या घरात टीचर दिवसभर त्यांना हाताने खुणावत राहायच्या. तमिळ मला कळत नव्हतं, पण 'हळू बोला, अप्पा' एवढं मात्र कळायचं.

एका दुपारी गल्लीतलीच चार-पाच तरुण मुलं दारात आली. "घरात कोण आलंय, अक्का?"

"माझे सासरे आणि नणंद," आई उंबऱ्यातच उभी राहून कन्नडमध्ये म्हणाली. "गावाहून आलेत."

आतल्या खोलीत म्हाताऱ्यांनी कोण आलंय म्हणून विचारायला तोंड उघडलं. पहिला शब्द निम्मा बाहेर पडला असेल-नसेल, टीचरनी त्यांच्या तोंडावर हात दाबला. मी शेजारीच बसले होते. म्हाताऱ्यांचे डोळे मोठे झाले. भीतीने नाही; आपल्याच लेकीने हे करावं, याचं त्यांना नवल वाटत होतं.

"बरं, अक्का," म्हणून मुलं निघून गेली. तरी टीचरचा हात निघेना. शेवटी आईने येऊन तो सोडवला. म्हातारे त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत. टीचर मला म्हणाल्या, "तू हे बघायला नको होतंस."

शाळा सुरू झाली. टीचर पूर्वीसारख्याच शिकवत, पण आवाज मागच्या बाकांपर्यंत पोचत नसे. एकदा एक मुलगा वाचताना अडखळला आणि वर्ग हसला. टीचर खिडकीशी नुसत्या उभ्या राहिल्या. मला राहवेना. "आधी पुरं ऐका ना!" मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि त्या मुलाला म्हणाल्या, "पुढे वाच."

वर्ष संपलं तेव्हा त्या शाळा सोडून जे. पी. नगरकडे राहायला गेल्या. कॉलेजात असताना पत्ता काढून मी त्यांना भेटायला गेले. वडील वारले होते. माझं सगळं त्यांनी आनंदाने ऐकलं. मग मी वडिलांचा विषय काढला.

"शेवटपर्यंत बोलायचे माझ्याशी," त्या म्हणाल्या. "पण आधी दाराकडे बघायचे. स्वतःच्या घरातसुद्धा. मी किती वेळा सांगितलं, अप्पा, आता भीती नाही. पटलंच नाही त्यांना."

मग त्यांनी कॉफी ठेवली आणि आईची चौकशी केली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कशा आहेत टीचर?" मी म्हणाले, बऱ्या आहेत. बाकीचं तिला सांगितलं नाही. त्या दुपारी आपण दोघांना वाचवलं, असं ती अजून म्हणते, आणि ते खरंच आहे.