भेगांनी प्यालेली घागर

हुबळीच्या कमरीपेठेतला जोतिबा गवंडी वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात उचललेला कुणी बघितलेला नाही. ओळंबा सोडून त्यानं उभी केलेली भिंत सुतासारखी सरळ असायची. खोड एकच. चार माणसं बघत असली की "माझं चुकलं" हे दोन शब्द त्याच्या तोंडातून निघत नसत. घरात म्हणायचा कधीमधी, तेही चुलीकडे तोंड करून.

त्याची बायको नागुबाई त्याच्याच कामावर असायची. शहात्तर सालची गोष्ट. सिमेंट तेव्हा परमिटावर मिळायचं, तेही ओळख असली तर. घरं चुन्यातच बांधत. बैल घाणीभोवती फिरून चुना आणि वाळू दळायचा, आणि तो माल कालवायचं काम बिगारी बायकांत एकीकडेच असायचं. पाट्या वाहणाऱ्या दहा, कालवणारी एक. नागुबाई मालाचा गोळा करून भिंतीवर फेकायची. चिकटून बसला तर चांगला, ओघळला तर पुन्हा घाणीत. हुबळीतले मेस्त्री जुनी भिंत फोडताना घाम पुसत म्हणायचे, "नागुबाईचा माल दिसतोय, पहार वाकली!" नागुबाई दुसरीच्या पुढं शाळेत गेली नव्हती. पण हा मान तिला होता आणि तेवढा तिला पुरत होता.

त्या साली केशवापुरात कौसल्याबाईंचं घर जोतिबाच्या हाती आलं. कौसल्याबाई मराठी शाळेत शिकवायच्या. इकडे शिकवणाऱ्या बाईंना अक्कोर म्हणतात, तेच त्यांचं नाव होऊन गेलं होतं. नवरा लवकर वारलेला. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या खोल्यांत काढली, तेव्हा कुठं स्वतःच्या तीन खोल्या होणार होत्या. बाळाचार्य भटजींनी वास्तुशांतीला अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त दिला होता. चैत्र संपत आला तरी मोरीच्या पाण्याची वाट काढायची राहिलीच होती.

जागा काळ्या मातीची. पुढं रस्ता, आणि तो घराच्या जोत्यापेक्षा वीतभर चढाला. मागं मात्र जमीन उतरत जाऊन पन्नास पावलांवर एक ओघळ होती. पाण्याला मागं न्यायचं तर पन्नास पावलं चर खणा, दगड लावा, आठ दिवस घाला. रस्त्याचं गटार दहा पावलांवर. जोतिबानं दहा पावलं निवडली. मोरीपासून भिंतीच्या कडेकडेनं मातीचाच चर ओढला, वर फरश्या झाकल्या आणि हात झटकले.

नागुबाई त्या वाटेनं नळाचं पाणी आणायची. भरली घागर डोक्यावर असली की पायाला चढउतार बरोबर कळतो. ती म्हणाली, "अहो, रस्त्याकडं चढ आहे. गुडघ्याला कळतोय. पाणी काय चढून जाणार आहे? मागं ओघळीकडं न्या की."

"मी उतार दिलाय," जोतिबा म्हणाला.

"द्या की. पण रस्ता खाली उतरवून ठेवणार काय तुम्ही?"

बाकीच्या बायका फिस्सकन हसल्या. तिथंच घोटाळा झाला. एकटी म्हणाली असती तर कदाचित त्यानं पुन्हा सूत धरून बघितलं असतं. बायका हसल्यावर तो ओरडला, "तुझं काम चुन्याचं. पाण्याचं मला शिकवू नको!"

गवंड्यांची एक रीत होती. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी घरच्या बाईनं मोरीत भरली घागर ओतायची. पाणी गेलं की गवंड्यानं "वाट मोकळी!" म्हणायचं, आणि मग त्याला नारळ, पंचा, टोपी. अक्कोरांनी हळदकुंकू वाहून घागर ओतली. पाणी मोरीतून गडगडत गेलं, थेंब मागं राहिला नाही. "वाट मोकळी!" जोतिबा जोरात म्हणाला. अक्कोरांनी डोळ्यांना पदर लावला.

नागुबाई तेव्हा रस्त्याच्या गटारापाशी घमेली धूत बसली होती. फरशीखालून तिथं पाणी यायला हवं होतं. आलंच नाही. वैशाखातली काळी माती म्हणजे काय, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा भेगा. घागरभर पाणी त्या भेगांनी वाटेतच पिऊन टाकलं होतं. उन्हाळ्यात ती माती अख्खी विहीर पिईल आणि आषाढात थेंब घेणार नाही, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक. जोतिबालाही ठाऊक होतंच की. पण टोपी डोक्यावर चढली होती.

घरी जाताना नागुबाई एवढंच म्हणाली, "गटारात पाणी आलं नाही हो."

तो टोपी सारखी करत पुढं चालत राहिला. त्यानं ते ऐकलं होतं, आणि पुढं सगळं चिघळलं ते त्यामुळंच. ऐकलं नसतं तर निदान झोप लागली असती.

आषाढात भेगा मिटल्या, माती फुगली. मोरीचं पाणी पुढं जाईना. उलट रस्त्याचं पाणी चरातून उतरून घराकडं यायला लागलं आणि भिंतीच्या पायाशी बसून राहिलं. पंधरा दिवसांत आतल्या भिंतीवर कमरेएवढी ओल चढली. कोपऱ्यात बोट जाईल अशी फट पडली. तांदळाच्या पिंपाखाली बुरशी, शाळेच्या पोरांच्या वह्यांचा गठ्ठा भिजून एक वीट झालेला. अक्कोरांचा निरोप आला. जोतिबा गेला, बरोबर पेठेतलाच दुसरा गवंडी यल्लाप्पा मेस्त्री होता, नागुबाई होती आणि आणखी दोघी बिगारी बायका.

अक्कोर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. भिंतीला हात लावून म्हणाल्या, "मेस्त्री, माझं काही चुकलं काय? मी मोरीत जास्त पाणी ओतते काय?"

जोतिबाला एक वाक्य म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण यल्लाप्पा बघत होता, दोघी बायका बघत होत्या. आणि तोंडातून दुसरंच निघालं. "चुना बिघडला, अक्कोर. माल नीट कालवला नव्हता. वाळू जास्त पडली."

नागुबाई दारात उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. परक्या माणसानं आपलं नाव घेऊन हाक मारली की आपण कसं बघतो, तसं. मग डोईवरचा पदर नीट केला आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

"कोण कालवत होती?" अक्कोरांनी विचारलं. त्या दिवसभर शाळेत असायच्या, कालवणारी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"आहे एक बाई," जोतिबा म्हणाला.

आहे एक बाई! हे तीन शब्द त्याला पुढं किती वर्षं कानात ऐकू येणार होते, ते त्याला तेव्हा कळलं नाही.

पुढच्याच आठवड्यात पाऊस उघडल्यावर त्यानं स्वतः पहार घेतली. रस्त्याकडचा चर बुजवला. भिंतीलगतची काळी माती हातभर खोल काढून टाकली, तिथं मुरूम भरून धुमसानं ठोकून घट्ट केला आणि वरून बाहेरच्या अंगाला उतार दिला, म्हणजे छपराचं पाणी भिंतीशी थांबायला नको. मग मागच्या बाजूला ओघळीपर्यंत पन्नास पावलं दगडी गटार बांधलं, नागुबाई म्हणाली होती अगदी तिकडंच. तिला त्या कामावर नेलं नाही. न्यायला तोंड नव्हतं. ती यल्लाप्पाच्या कामावर जायला लागली.

श्रावणात तुफान पाऊस झाला आणि घराच्या पायाशी पाणी थांबलं नाही. दिवाळीपर्यंत भिंत वाळली. अक्कोरांनी फट लिंपून घेतली आणि सगळ्या केशवापुरात सांगितलं, "आमच्या मेस्त्रींनी ओल काढली. पाण्याची नाडी कळते त्यांना!"

झालं. जोतिबाला बोलावणी यायला लागली. कुणाची भिंत ओली, कुणाच्या देवघरात पाणी. तो जायचा, बघायचा, मुरूम भरायचा, उतार द्यायचा आणि काम चोख करायचा. लोक हात जोडायचे. तो खाली बघायचा. लोकांना वाटायचं, काय विनय!

आणि नागुबाई? बिगारी बायकांच्या तोंडाला झाकण नसतं. आठ दिवसांत सगळ्या मेस्त्र्यांना कळलं, खुद्द नवराच म्हणाला म्हणे, माल तिचा बिघडला. यल्लाप्पानं एके दिवशी मान खाजवत तिला सांगितलं, "अक्का, वाईट वाटून घेऊ नको. तू काही दिवस पाटी घे. माल सरूबाई कालवेल."

"घेते की," नागुबाई म्हणाली. चुंबळ डोक्यावर ठेवली आणि दगडांनी भरलेली पाटी उचलली. काही दिवस म्हणता म्हणता चार वर्षं गेली.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर जोतिबा सुटला असता. ती भाकरी वाढायची, पोरीच्या शाळेचं बोलायची, बाजाराचं बोलायची. चुन्याचं नाव काढत नसे. रोज संध्याकाळी मानेला तेल लावायची. "मी चोळू काय?" असं त्यानं एकदा विचारलं.

"नको. तुमचे हात चुन्याचे आहेत," ती म्हणाली. टोमणा होता की खरंच तसं होतं, ते त्याला कळलं नाही. त्यानं हात तीनदा धुतले.

ऐंशी साली नवनगरात घरं उठत होती. हुबळी आणि धारवाडच्या मधे माळावर नुसती जोती दिसायची. यल्लाप्पा आणि जोतिबा दोघांना तिथं शेजारशेजारची कामं मिळाली होती. एका सकाळी अक्कोर बसमधून उतरल्या. बरोबर शालिनीबाई म्हणून त्यांच्या शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका. त्यांनाही तिथं घर बांधायचं होतं.

"हे आमचे मेस्त्री," अक्कोर कौतुकानं म्हणाल्या. "डोळे मिटून काम द्या. फक्त माल कोण कालवतंय तेवढं बघा बाई! माझ्या वेळी कुणी एका बाईनं सगळा चुना बिघडवला होता. ह्यांच्यासारखा माणूस म्हणून घर वाचलं."

नागुबाई तेव्हा भरली पाटी घेऊन बरोबर त्यांच्या मागून चालली होती. ती थांबली नाही. दगडांच्या ढिगाकडं सरळ जात राहिली. पण जोतिबाला तिची मान दिसली. पाटीखाली ती मान एका बाजूला कलली होती. चार वर्षांपूर्वी ती सरळ होती.

"अक्कोर," तो म्हणाला. त्यानं हातातली थापी खाली ठेवली. "चुना चांगला होता."

"काय म्हणालात?"

"चुना चांगला होता. पाणी मी चुकीकडं काढलं होतं. त्या बाईनं आधीच सांगितलं होतं, रस्ता चढाला आहे म्हणून. मी ओरडलो तिच्यावर. घागरीचं पाणी गटारात आलं नाही, तेही सांगितलं होतं. तुमच्यासमोर मी खोटं बोललो. नंतर गटार बांधलं तेही तिनं दाखवलेल्या बाजूला." एवढं बोलून त्यानं दगडांच्या ढिगाकडं बोट केलं. "माझी बायको आहे ती."

थाप्या वाजायच्या थांबल्या. यल्लाप्पा शिडीवरून खाली उतरला. अक्कोरांनी वळून नागुबाईला नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, "मेस्त्री, माझ्या वर्गातल्या पोरानं पेन्सिल चोरून दुसऱ्याचं नाव सांगितलं, तर मी त्याला बाकावर उभं करते. तुम्हाला कुठं उभं करू?"

कुणीतरी हसलं. जोतिबा हसला नाही. तो उभाच होता आणि त्याला कुणी बाक दिला असता तर तो खरंच चढला असता.

"आधी कुणी तरी ही पाटी उतरवा," ढिगाकडून नागुबाई म्हणाली. "मान दुखायलीय. उभं करायचं ते मग बघू."

यल्लाप्पानं धावत जाऊन पाटी उतरवली. "अक्का, मी पण गाढवच," तो म्हणाला. "उद्यापासून माझ्याकडं माल तूच कालव. सरूबाईला मी सांगतो."

"सरूबाईच्या पोटावर पाय नको," नागुबाई म्हणाली. "तिला ह्यांच्याकडं पाठवा. तिथं कालवायची जागा रिकामीच आहे."

म्हणजे ती नवऱ्याकडं येणार नव्हती. जोतिबाला ते कळलं, आणि ते ठीक आहे हेही कळलं. अक्कोर जाताना नागुबाईजवळ थांबून काही बोलल्या. काय ते त्यानं कधी विचारलं नाही. शालिनीबाईंनी काम यल्लाप्पाला दिलं.

लाज एकदा बोलून संपते असं कुणाला वाटत असेल तर तसं नसतं. मेस्त्री लोकांनी वर्षभर त्याला पिळून घेतलं. "काय जोत्याण्णा, आज घागर गटारात गेली की भेगेत?" तो ऐकून घ्यायचा. घरी नागुबाई पूर्वीसारखीच बोलायची. फक्त आता चुन्याचंही बोलायला लागली. आजचा चुना कसा फुलला, घाणीचा बैल कसा आळशी आहे. तो जेवता जेवता मान खाली घालून ऐकायचा.

पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा जोतिबाचा माल भिंतीवर बसेना. सरूबाईनं दोनदा घाणीत घातला, तरी ओघळतच होता. शेजारच्या जागेत नागुबाई घमेल्यात माल ओढत होती. मधे एक कमरेएवढी भिंत. तो भिंतीपाशी गेला आणि हळूच म्हणाला, "नागू, माल सुटतोय बघ. काय करू?"

तिनं मान वर केली नाही. "ऐकू येईना. मोठ्यानं विचारा."

दोन्ही जागांवर मिळून पंधरासोळा माणसं होती. जोतिबानं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. कान तापले होते. मग त्यानं छाती भरून घेतली आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडला, "नागुबाई, माझा माल बिघडलाय! मला कळेना! येऊन सांग की!"

नागुबाईनं हात पदराला पुसले, भिंतीवरून अलीकडं आली, आणि चिमूटभर माल घेऊन दोन बोटांत चोळत राहिली.