जोएलचा हत्ती आन् माझी परडी

हसायचं ते शेवटी हसा, आधी सगळं ऐकून घ्या. घोळ काय, मी आजवर ढिगानं घातले. पण ते सगळे परभणी जिल्ह्याच्या हद्दीत! भर समुद्रात, कॅप्टनसकट अख्ख्या बोटीला घाम फोडायचा पराक्रम मातर मी एकदाच केला. तो सांगते. चहा तेवढा गार होऊ देऊ नका.

तर झालं आसं. आमच्या पूजाच्या सासूबाई, नलिनीताई, पुण्याच्या. बाई मनाची लय चांगली. पण एकदा सिंगापूरकडं क्रूझवर जाऊन आल्या आन् तिथून पुढं त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट त्या बोटीशी लावून बघायची खोड लागली. आमच्या झरीच्या शेतात हुरडा खायला आल्या, तर तोंडात पहिला घास टाकून म्हणतात कशा, "छान आहे हो हुरडा. आमच्या क्रूझवर ना, दिवसभर केव्हाही जा, खायला तयार!"

आता तुमीच सांगा, हुरड्याचा आन् क्रूझचा काय संबंध?

जावई मोठा हुशार. त्यानं ठरवलं, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एकदा मुंबईहून पाच दिवस समुद्रात फिरवत गोव्याला नेणाऱ्या बोटीवर पाठवायचं. म्हंजे आमी दोघं आन् ते दोघं. पूजानं व्हिडिओ कॉलवर दोन बोटी दाखवल्या. एकीवर पाण्याची घसरगुंडी, पत्त्याचा जुगार, दिवसभर ढिंच्याक गाणी. दुसरीवर शांतता, शाकाहारी जेवण वेगळं, आन् खोलीतली सेवा म्हणे एक नंबर.

"घसरगुंडीचीच घ्या," पलीकडून नलिनीताई म्हणल्या. "वातावरण कसं जिवंत असतं!"

"ताई, ह्या वयात घसरायचंच तर न्हाणीघरात बी घसरता येतंय," मी म्हणलं. "त्याला बोट कशाला?"

आमचे हे येलदरीच्या वीजघरात नोकरीला होते. सगळी हयात धरणाच्या पाण्याकडं बघण्यात गेली. ते पेपरातनं मान वर न काढता म्हणले, "पाणीच बघायचं तर येलदरीला चला की. दरवाजे उघडले की काय ते पाणी! त्याला कशाला बोट लागती?"

"तिथं एक नंबर सेवा कोण देणार? तुमी?" मी विचारलं. त्यांनी पेपर परत तोंडापुढं धरला.

शेवटी माझंच खरं झालं, दुसरी बोट ठरली. पण त्याच्यात एक मेख होती. बोट मी निवडली, म्हंजे ती चांगली निघणं आता माझ्या अब्रूचा प्रश्न झाला! सिंगापूरच्या बोटीपुढं माझी बोट उणी पडली, तर पुढच्या हुरड्याला मी तोंड कुठं दाखवू?

मुंबईला बंदरावर गेलो. बोट कसली हो ती! दहा-बारा मजली इमारत उचलून पाण्यात ठेवल्यागत. माझी तर मान दुखायली बघून बघून.

नलिनीताईंनी गॉगल वर केला, बोट वरपासून खालपर्यंत न्याहाळली आन् म्हणल्या, "लहानच आहे हो."

मी दात खाल्ले. मनातल्या मनात.

त्यांची खोली वरच्या मजल्यावर, गॅलरीवाली. आमची खाली, गोल खिडकीवाली. आमीच जावयाला म्हणलं होतं, उगं गॅलरी कशाला, खिडकी असली की बास. खोलीच्या देखरेखीला एक माणूस होता. जोएल त्याचं नाव. चांगला पन्नाशीचा, जाडजूड, मिशीत पांढरे केस. कोण्या देशाचा ते त्यानं सांगितलं, पण मला काही उमजलं न्हाई. त्याला हिंदीतले 'नमस्ते', 'अच्छा' आन् 'नहीं अच्छा' एवढे शब्द येत होते, मला इंग्रजीतले 'थँक्यू' आन् 'नो'. बोला! एवढ्या भांडवलावर आमचा संसार सुरू झाला.

पहिल्या संध्याकाळी वर फिरून आलो, तर पलंगावर हत्ती! टॉवेलाच्या घड्या घालून घालून केलेला. सोंड काय, कान काय! हे दचकून दोन पावलं मागं सरकले.

सकाळी उठले. आता मला सांगा, आपल्याला घरात कुणी दुसऱ्यानं आपलं अंथरूण आवरलेलं चालतंय का? मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. पोरं घरी गेली की सतरंज्या मीच झटकायचे. इथं हा मिशावाला बाप्या माझी चादर झटकणार? मला लाजच वाटायली. त्याची चाहूल लागायच्या आत मी पलंग आवरला, न्हाणीघर पुसून काढलं, आरसा लख्ख केला. आंघोळीला टॉवेल पाहिजे म्हणून तो हत्ती मोडला, वापरून साबणानं धुतला, आन् वाळल्यावर चौकोनी घडी घालून जोएलच्या हातात दिला.

"लो भैया. हाथी मत बनाव. कायकू तकलीफ करते? हमकू सब आता."

जोएलनं खोलीत नजर फिरवली. पलंग टकाटक. आरसा चकाचक. त्याचं तोंड उतरलं.

"मॅडम... नहीं अच्छा?" त्यानं विचारलं.

"अच्छा, अच्छा!" मी म्हणलं, आन् आपण कौतुकानं डोलवतो तशी मान दोन्हीकडं डोलवली. आता त्याच्या देशात तशी मान हलवली की 'न्हाई' होतंय, हे मला कोण सांगणार?

घडी केलेला टॉवेल छातीशी धरून गेला बिचारा. आन् तासाभरात दारात काय यावं? फळांची परडी! सफरचंद, द्राक्षं, किवी, मधोमध एक दांडगा अननस. वर लाल फीत.

मी जेवणाच्या टेबलावर सहज, अगदी सहज हं, विषय काढला. "ताई, तुमच्या खोलीत फळाची परडी कशी आली हो? आमच्यातला अननस जरा जास्तच मोठा हाय."

नलिनीताईंचा चमचा हवेतच थांबला. "कुठली परडी?"

"न्हाई आली? असू द्या, यील. सगळ्यांनाच देत असतील."

काय सांगू तुमाला, त्या दिवशीचं जेवण मला लय गोड लागलं!

पण आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत देतेत का? फळं काढून घेतली आन् परडीत मी सोबत आणलेले धपाटे भरले, वर ठेच्याची डबी ठेवली. घरचं खायचं बोटीवर आणायचं न्हाई असा नियम होता, हे मला मागून कळलं. माझे धपाटे साड्यांच्या घड्यात बसून आरामात आले होते. परडी हातात दिल्यावर जोएलनं आत बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आन् पळतच सुटला.

थोड्या वेळानं टकटक. दारात उंच पांढऱ्या टोपीवाला मोठा आचारी! हातात ताट, ताटात हिरवं-पांढरं काहीतरी, त्याच्यावर फूल. पाहुणा दारात आला, त्याला तसंच पाठवायचं का? मी हाताला धरून खुर्चीवर बसवलं, धपाटा दिला. ठेचा म्हंजे त्याला चटणी-सॉस वाटला असावा. त्यानं चमचाभर उचलून थेट तोंडात टाकला.

आधी कान लाल झाले. मग नाक. मग डोळ्यातून धारा. उठला, हात जोडले आन् तडक गेला.

"बघा," मी ह्यांना म्हणलं, "माणसाला आईच्या हातचं आठवलं असंल."

"नुसती आईच न्हाई, मेलेला आजोबा बी आठवला असंल," हे म्हणले.

त्याच्यापुढं तर नुसता पाऊस! जादूच्या खेळाला पहिल्या रांगेत जागा. फुकट मालिशची चिठ्ठी. फुलांचा गुच्छ. केक. मी रोज खोली आवरायचे, रोज काहीतरी यायचं. आन् मी रोज जेवताना नलिनीताईंना सांगायचे. त्या "आमच्या सिंगापूरच्या क्रूझवर ना..." म्हणून सुरू करायच्या आन् पुढचं वाक्य पाण्यासोबत गिळायच्या. व्याही बिचारे गरीब माणूस, माझ्या केकचा तुकडा गुपचूप खायचे.

ह्यांना मातर शंका यायली. "एवढी मोठी बोट. आपल्याच खोलीवर एवढी कृपा कामून म्हणतो मी?"

"बोट कुणी निवडली?" मी म्हणलं.

शेवटी नलिनीताईंना राहवलं न्हाई. खाली काउंटरवर गेल्या. "मी विचारतेच. आमची गॅलरीवाली खोली, आणि आम्हाला एक केळंसुद्धा नाही?"

परत आल्या त्या पार मऊ होऊन. "ती मुलगी म्हणाली, ते काही खास पाहुण्यांसाठीच असतं. कॅप्टनचं स्वतः लक्ष आहे म्हणे तुमच्या खोलीकडे. आज जेवणाच्या वेळी ते तुम्हाला भेटायला येणार आहेत."

खास पाहुणे! कॅप्टन स्वतः! अहो, माझे पाय बोटीला टेकना गेले. आता कॅप्टन टेबलावर येणार म्हणल्यावर आपल्याकडून सत्कार नको का? परभणीचं माणूस रिकाम्या हातानं सत्कार घेत बी न्हाई आन् देत बी न्हाई. शाल होती माझ्याकडं, एसीच्या थंडीसाठी आणलेली. नारळ कुठून आणावा?

"अननस हाय की," मी म्हणलं. "त्याला बी शेंडी असतीच."

"मी तुला ओळखत न्हाई," हे म्हणले. "आत्ताच सांगून ठेवतो."

जेवायला गेलो. मी ठेवणीतली पैठणी नेसलेली, मांडीवर शाल, शालीखाली अननस. कॅप्टन आला. गोरापान, उंच, पांढरा पोशाख, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. सोबत बोटीवरची एक अधिकारी मुलगी, रत्नागिरीकडची, मराठी बोलणारी. मागं टोपीवाला आचारी. त्याच्या मागं मान खाली घालून जोएल. कॅप्टननं छातीवर हात ठेवला आन् गंभीर आवाजात इंग्रजीत बोलायला सुरुवात केली.

थांबते मी कशाची? उठलेच. "आदरणीय कॅप्टनसाहेब! आपण आमचा जो पाहुणचार करायलात, तो आमी जन्मात विसरणार न्हाई!" असं म्हणत शाल त्याच्या खांद्यावर टाकली, अननस हातात दिला. आजूबाजूच्या टेबलांवर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं, मला बी नव्हतं.

कॅप्टन अननसाकडं बघायला, मी कॅप्टनकडं.

ती मुलगी हळूच म्हणाली, "काकू, एक मिनिट. कॅप्टन सत्काराला नाही आले. ते तुमची माफी मागायला आलेत."

"माफी? कशाची?"

"तुम्हाला जोएलची सफाई पसंत नाही म्हणून तुम्ही रोज खोली स्वतः साफ करता. आमचे टॉवेल पुन्हा धुता. त्याने प्रेमाने केलेला हत्ती तुम्ही मोडून परत दिलात. जेवण आवडत नाही म्हणून घरचं खाता. परडी पाठवली, तर तीसुद्धा परत केलीत. आणि..." तिनं आचाऱ्याकडं बघितलं, "शेफ म्हणतात, मॅडमनी मला खुर्चीत बसवून तिखटाची शिक्षा दिली. काकू, सगळ्या बोटीवर सगळ्यात नाराज पाहुण्या तुम्ही आहात. काय चुकलं आमचं?"

पायाखाली जमीन असती तर सरकली असती. होतं पाणी!

"अगं बाई!" मी डोक्यालाच हात लावला. "नाराज कोण हाय? परक्या माणसाकडून अंथरूण आवरून घ्यायची लाज वाटली गं मला! आन् भांडं रिकामं कसं द्यायचं? ठेचा तर मी लाडानं दिला!"

तिनं ते इंग्रजीत सांगितलं. मग कॅप्टन जो हसत सुटला म्हणता! शाल खांद्यावर, अननस काखेत, आन् गदागदा हलायला. आचारी हसायला. जोएलनं दोन्ही हात आकाशाकडं जोडले.

आन् नलिनीताई? त्या टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. डोळे पुसत पुसत माझा हात धरला आन् म्हणल्या, "विहीणबाई, खरं सांगते, आमच्या सिंगापूरच्या क्रूझवर असलं काहीही नव्हतं!"

म्हंजे बघा, जिंकले का न्हाई मी?

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, बास झालं. आता राणीगत राहायचं. उठले, चादर तशीच चुरगाळून टाकली, टॉवेल खाली फेकला. मुद्दाम! जिवावर आलं, पण फेकला. आन् आरामात गोवा बघायला उतरलो. दिवसभर फिरून पायाचे तुकडे पडले. म्हणलं, खोलीत गेल्या गेल्या जोएलनं घातलेल्या मऊ पलंगावर पाठ टेकायची.

दार उघडलं. चादर जशीच्या तशी चुरगाळलेली. टॉवेल खालीच. आन् खुर्चीवर धुतलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, पुसायचं फडकं आन् फवाऱ्याची बाटली, सगळं ओळीनं मांडून ठेवलेलं.

मी बाहेर बघितलं. बोळीत जोएल उभा. तोंडभर हसू, अंगठा वर.

"मॅडम डू, मॅडम हॅपी! जोएल नो टच! अच्छा?"

मी मान डोलवली. ह्या वेळी वरखाली. पदर खोचला, चादर बदलली, अभ्रे घातले, न्हाणीघर पुसलं.

हे खुर्चीत बसून द्राक्षं खात बघत होते. सगळं आटपल्यावर म्हणले, "बरंय. पण खरं सांगू का? पहिल्या दिवशी जोएलनं घातलेल्या चादरीला एक बी सुरकुती नव्हती."