उसना बुरखा

आमच्या खेड्यात आम्ही मुसलमान बायका साडीच नेसतो. बातमीवाला आला तेव्हा माझी लेकही साडीतच होती. नवऱ्याने तलाक न देताच तिला टाकलं आणि पोरगी ठेवून घेतली.

"मावशी, बुरखा नाही का? साडीत लोकांना काय कळणार?"

"काय कळायला पायजे? मुसलमान हाय हे, का पोरगी हिसकली हे?"

तो कॅमेरा लावू लागला. लेक म्हणाली, "घालू दे अम्मी. पोरगी मिळंल." तिने कुणाचा तरी बुरखा उसना आणला.

शेजारच्या मराठ्यांची लेकही नवऱ्याने टाकलेली. ओट्यावरून म्हणाली, "मला बी इचारा की."

"ताई, तुमचं वेगळं आहे," तो म्हणाला.

बातमी मोबाइलवर पाहिली. लेकीचे डोळे तेवढे दिसत होते, आणि वरून कुणा बाईचा आवाज तलाकच्या कायद्यावर बोलत होता. पोरीचा विषयच नव्हता.

तोवर लेकीची सासू बाजाराच्या दिवशी नातीला सोनपेठला आणायची. बांगड्यांच्या पालामागे आईला घटकाभर तिला घेऊ द्यायची. बातमी पाहून तिने निरोप धाडला, "आमची बदनामी केली. आता पोरगी दिसायची न्हाई."

बुरखा मी धुऊन परत केला. लेक अजून दर बाजाराला त्या पालामागे जाऊन उभी राहते. मी तिला अडवत नाही. पोरगी येणार नाही हे तिलाही माहीत आहे.