तीन नंबरचं बेअरिंग

माझी शेवटची पोस्टिंग उत्तर सीमेवरच्या एका डोंगरी छावणीत होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. गाव जानेफळ. युनिटकडे एक फार जुनी पेट्रोल जीप होती. रोजच्या कामाला ती नसे, फक्त स्थापना दिवसाच्या परेडला निघे. तिचा ड्रायव्हर लान्स नायक सुभाष वानखडे आमच्याच जिल्ह्यातल्या सोनाळ्याचा. एवढ्या लांब वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच. त्यामुळे रँक बाजूला ठेवून तो मला भाऊ म्हणायचा.

परेडला आठवडा राहिला असताना तो सकाळी जीप घेऊन वर्कशॉपला आला.

"भाऊ, ठकठक करून राह्यली. टॅपेट असंन."

"टॅपेट वरून वाजते बे. हे खालून येऊन राह्यलं."

"तुमच्या कानात बोळा तं नाही ना?"

मी इंजिन गरम होऊ दिलं. ॲक्सिलरेटर दाबून सोडला की ठोका वाढे. ऑइल प्रेशरचा काटा खाली बसला होता. मग चालू इंजिनवर एकेका प्लगची वायर काढत गेलो. तिसरी काढली आणि ठोका जवळजवळ थांबला. स्फोटाचा दाब नसला की पिस्टनचा रॉड तेवढा आपटत नाही. म्हणजे तीन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलं होतं. तशीच चालवली असती तर रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर आला असता. मी गाडी ऑफ रोड, म्हणजे दुरुस्त होईपर्यंत बंद केली.

आमच्याकडे रीत अशी की गाडी ऑफ रोड असेपर्यंत तिचा ड्रायव्हर मेकॅनिकपाशी थांबतो. पार्ट धुतो, हात देतो, दुसरी ड्यूटी घेत नाही. त्या दिवशी रेशनच्या ट्रकचा ड्रायव्हर तापाने पडला होता. ट्रान्सपोर्टचा हवालदार दारात आला.

"वानखडे फ्री है क्या?"

"है. ले जाओ," मी म्हणालो.

सुभाष दिवसभर बडबड करील आणि मोजमाप घेताना मला शांतता हवी, एवढंच कारण होतं.

"काऊन भाऊ, कटाळले का मले?" तो हसला आणि हात पुसत निघून गेला.

दुपारी मी ऑइल चेंबर उतरवला. तेलात धातूची बारीक चकाकी होती. तेवढ्यात शेजारच्या खोलीतला रेडिओ बोलला.

"कंट्रोल, रेशन गाडी खाई में गई है. रास्ते का किनारा टूटा है. ओव्हर."

"ड्रायव्हर? ओव्हर."

मी जीपखालून बाहेर आलो.

"ड्रायव्हर नहीं रहा. ओव्हर."

सुभाषला वर आणलं तेव्हा खांदा देणाऱ्यांत मी होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जीपचं काम दुसऱ्याला द्यायचं ठरवलं. मी नको म्हणालो. तीन नंबरच्या रॉडची कॅप काढली. आतल्या बेअरिंगच्या शेलवरचा करडा थर जाऊन तांबं उघडं पडलं होतं. बेअरिंग ज्यावर फिरतं तो क्रँकचा जर्नल मोजला, तो शाबूत होता. चारही रॉडना नवे शेल बसवले, प्रत्येक कॅप तिच्याच नंबरवर ठेवली, गॅप तपासला, टॉर्क रेंचने बोल्ट आवळले. इंजिन सुरू केलं. आवाज नव्हता. माझं निदान बरोबर होतं. त्याचं काय करायचं, हे मला कळलं नाही.

रिटायर झालो. जानेफळ, सोनाळा एकाच जिल्ह्यात, तरी जायला मी फार उशीर केला. शेवटी गेलो. सुभाषच्या आईला सगळं सांगितलं. ती रीत, माझं 'ले जाओ', आणि त्याला पाठवण्याचं ते कारण. हेही सांगितलं की तो माझ्यापाशी थांबला असता तर आज असता.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"जातानी नाराज होता का?"

"नाही आई. हासत गेला."

"लहानपनापासून तसाच होता." ती उठली. "बसा. जेवून जा."

"माफ केलं" असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. तिनं भाकर वाढली, भाजी वाढली. ताट रिकामं झालं की ती पुन्हा वाढत होती. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.