एकोणिसाव्या घराचा शिक्का

कादंबरीकार मिसाओ कुराता हिचा शोध कोणी लावला, यावर इसोहामाच्या तिसऱ्या आळीत आजही एकमत नाही. आळीत घरं एकोणीस, आणि प्रत्येक घराला वाटतं, आपणच. तिच्या तीन कादंबऱ्या छापून आल्या तरी हा वाद मिटलेला नाही. तिचे वडील, टोफूवाले कुराता, या श्रेयाच्या भानगडीत पडत नाहीत. पोरगी चुलीपाशी उभी राहून वाक्यं जुळवायची आणि सोयाबीनचं दूध उतू जायचं, एवढंच त्यांना आठवतं.

सुरुवात झाली ती फिरत्या पाटीपासून. गटार सफाईचा दिवस, कचऱ्याचे वार असल्या सूचनांचा कागद पाटीला लावायचा; प्रत्येक घराने तो वाचायचा, आपल्या नावापुढे सहीऐवजी आडनावाचा शिक्का मारायचा आणि पाटी शेजारी नेऊन द्यायची. त्या वर्षी आळीच्या प्रमुखपदाची पाळी कुरातांवर आली आणि वडिलांनी ते काम तेवीस वर्षांच्या मिसाओच्या गळ्यात मारलं. पाटी कोणाच्या तरी चपलांच्या कपाटावर आठ-आठ दिवस लोळत पडायची. शेवटी वैतागून मिसाओने सूचनेच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक गोष्ट लिहायला घेतली आणि ऐन रंगात आल्यावर 'बाकीचं पुढच्या पाटीला' म्हणून सोडून दिली.

पाटी दोन दिवसांत परत आली. पुढच्या वेळी तर लोक शेजाऱ्याच्या दारात उभे राहून वाचून झालं का म्हणून विचारायला लागले. गटार सफाईला पहिल्यांदाच एकोणीसच्या एकोणीस घरची माणसं हजर झाली आणि फावडी बाजूला टाकून नायिकेने आता काय करावं यावर हमरीतुमरीवर आली.

नायिका शिवणकाम करणारी होती. नवरा मासेमारीच्या बोटीवर गेलेला, परतलेला नाही, आणि ही रोज त्याच्या नावाने ताट वाढते. लांब गेलेल्या माणसासाठी घरी ताट वाढायची रीतच आहे, त्यात नवल काही नाही. पण बावीस वर्षं ते वाढणारी बाई आळीत एकच होती: शेवटच्या, एकोणिसाव्या घरात केशकर्तनाचं दुकान चालवणारी हात्सुए मोरिशिता. तिचा नवरा बुडालाबिडाला नव्हता. पलीकडच्या बंदरात दुसरा संसार थाटून बसला होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिच्यासमोर कोणी चकार शब्द काढत नव्हतं. मिसाओने कात्रीच्या जागी सुई घातली आणि आता कोणी ओळखायचं नाही म्हणून निर्धास्त राहिली. बाकी हुशार असलेली माणसं लिहायला बसली की इतकी भाबडी कशी होतात, कोण जाणे.

सोळा कागदांवर हात्सुएबाईंचा शिक्का मुकाट उमटला. सतरावा, शेवटचा कागद गेला आणि पाटी एकोणिसाव्या घरातून परतलीच नाही. एक दिवस, तीन दिवस, पाच दिवस. मिसाओच्या तोंडचं पाणी पळालं. टोक्योच्या एका मासिकाची नवोदितांसाठी स्पर्धा होती, मुदत संपायला चार दिवस उरले होते आणि शेवटाची दुसरी प्रत तिच्याकडे नव्हती. पण खरी धास्ती त्याची नव्हतीच. लहानपणापासून तिचे केस या बाईने कापले होते. तिलाच दुखावलं असेल तर ही गोष्ट कोणत्या तोंडाने पाठवायची?

"जा, केस कापून घे," वडील म्हणाले. "कात्री हातात असली की ती खोटं बोलत नाही."

दुपारी दुकान रिकामं होतं. पाटी आरशाखालच्या फळीवर उलटी ठेवलेली. हात्सुएबाईंनी मिसाओच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि कापायला सुरुवात केली.

"काकू, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर मी ती कुठेच पाठवणार नाही."

"मान हलवू नकोस." कात्री दोन-चारदा वाजली. "शेवट खोटा आहे तुझा. तो परत येतो काय, ती रडते काय."

"मग काय व्हायला हवं होतं?"

"आला होता की. तिसऱ्या वर्षी. तू बसलीयेस त्याच खुर्चीत बसला होता. केस कापले, दाढी केली, मानेवर पावडर मारली. म्हणाला, येऊ का परत? म्हटलं, ऊठ, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलंय."

मिसाओने आरशातूनच हळूच विचारलं, "आणि ताट?"

"एका माणसाचा भात धड शिजतो का गं कधी? दोघांचा टाकते. दुपारी त्याच्या नावाने वाढते, संध्याकाळी मीच खाते. आळीला माझी दया येते, येऊ दे. त्या दयेपोटी सगळी डोकी माझ्याकडे येतात."

"हे लिहू मी?"

"लिही. फक्त त्याच्या ताटात मासा वाढलायस तो काढ. लोणच्यावर भागायचं त्याचं."

मिसाओला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. इतकी वर्षं आपणही या बाईकडे दयेनेच बघत आलो, याची तिला मनापासून लाज वाटली. निघताना तिने पाटी उचलून सरळ केली. आधीच्या प्रमुखाच्या यादीवरून ती दर वेळी एकोणिसाव्या घरापुढे नवऱ्याचं नाव उतरवून काढायची आणि हात्सुएबाई त्यावर त्याच्याच आडनावाचा शिक्का मारायच्या. आज त्या नावावर सरळ रेघ ओढलेली होती. शेजारी कोरा करकरीत शिक्का: हात्सुए.

"शिक्का कोरणाऱ्याने पाच दिवस लावले," काकू केस झाडत म्हणाल्या. "शिक्क्याशिवाय पाटी कशी परत करणार?"

घरी आल्यावर मिसाओने आधी आळीची यादी नव्याने लिहिली आणि मग गोष्टीचा शेवट.